खिडकीचं माप

संस्थेत बदल घडवायचा असेल तर आधी माणसांशी मोकळेपणाने बोललं पाहिजे. माणसांना विश्वासात घेतल्याशिवाय केलेला कोणताही बदल टिकत नाही. हे थोर सत्य चारा व पशुखाद्य महामंडळाच्या नागपूर विभागीय कार्यालयात, पिण्याच्या पाण्याच्या माठाच्या बरोबर वर, निळ्या अक्षरांत लिहून लावलेलं होतं. विभागीय व्यवस्थापक मुजुमदार साहेब ते पुण्याच्या प्रशिक्षणवर्गातून घेऊन आले होते. फलक लागला त्या दिवसापासून साहेबांनी कर्मचाऱ्यांशी बोलणं बंद केलं. आता फलक बोलतोच आहे, मग आपण कशाला, असा त्यांचा समज झाला असावा.

फलकाखाली साहेबांची सही होती. कोणता बदल, एवढंच त्यावर नव्हतं.

बदल येतो आहे हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. एकोणऐंशी सालचा उन्हाळा यायचा होता. त्याआधीच्या दिवाळीनंतर मुंबईच्या मुख्य कार्यालयातून एक पत्र आलं होतं आणि साहेबांच्या टेबलावर पोचेपर्यंत ते वाटेतल्या प्रत्येक टेबलाने वाचलं होतं. विभागाची पुनर्रचना विचाराधीन आहे, जास्त ठरणारे कर्मचारी सिरोंच्याच्या केंद्रावर सामावून घेण्यात येतील, असं त्यात होतं. सिरोंचा म्हणजे चांदा जिल्ह्याचं पार शेवटचं टोक. तिथली बस कधी पोचेल हे कंडक्टरही छातीठोकपणे सांगत नसे, आणि पावसाळ्यात तर ती पोचतच नसे. महामंडळाच्या कारकुनांत आजवर तिकडे कोणी हौसेने गेला नव्हता. जे गेले ते काहीतरी करून गेले होते, आणि हिवताप घेऊन परत आले होते.

साठा विभागाचे मुख्य कारकून दत्तोपंत यांना हिवतापाची भीती नव्हती. त्यांना माईची काळजी होती.

दत्तोपंतांचं लग्न राहून गेलं होतं. धरमपेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची आई, दोघंच राहत. माईची दृष्टी काचबिंदूने गेली त्याला कैक वर्षं झाली होती, पण घरात ते कोणाच्या लक्षात येत नसे. खाटेवरून उठून भिंतीला नुसती बोटं टेकवत ती न्हाणीत जाई. कोणत्या फळीवर कोणता डबा आहे ते तिला ठाऊक होतं. फोडणीतली मोहरी तडतडायची कधी थांबते हे ऐकून ती हिंग टाकी. दुपारी शेजारच्या सुभद्राबाई डोकावून जात, त्याही गप्पा मारायला. त्या दोन खोल्यांत माई डोळस होती. दुसऱ्या कोणत्याही घरात ती आंधळी होणार होती. दत्तोपंतांचा पुनर्रचनेशी संबंध होता तो इतकाच.

हिवाळाभर कार्यालयाने साहेबांच्या बोलण्याची वाट पाहिली. साहेब बोलेनात, तेव्हा लोक त्यांच्या हालचालींचा अर्थ लावू लागले. साहेबांनी कोणाकडे पाहून मान हलवली तर तो वाचला असं सकाळी ठरे, आणि दुपारपर्यंत ती मान सांत्वनाची होती असं सिद्ध होई. लेखा विभागाचे रुपराव साहेबांच्या कुत्र्याला संध्याकाळी फिरवायला नेऊ लागले. एके दिवशी कुत्रा त्यांना चावला. साहेबांच्या माळ्याने सांगितलं, की रुपराव उलट कुत्र्यालाच 'लागलं नाही ना रे, राजा' म्हणून विचारत होते. कार्यालय पोटभर हसलं. दुसऱ्या दिवशी आस्थापना विभागाचे मनोहरराव कुत्र्यासाठी बिस्किटं घेऊन गेले.

टंकलेखिका इंदूबाई यांना सगळं माहीत असणार, अशी सगळ्यांची खात्री होती. त्यांच्या टेबलाभोवती माणसं घुटमळत.

"माझ्याकडे टायपिंगला काहीच आलेलं नाही हो," इंदूबाई कळवळून सांगत. "आलं असतं तर मी सांगितलं नसतं का?"

"बाई पक्की आहे," लोक बाहेर येऊन म्हणत. "ताकास तूर लागू देत नाही."

मग साहेबांनी संवादाचं पुढचं पाऊल टाकलं. व्हरांड्यात कुलूप लावलेली एक पत्र्याची पेटी बसवली. तिच्यावर 'मन मोकळे करा' असं लिहिलं होतं. कार्यालयाने मन मोकळं केलं. पेटी उघडली तेव्हा ती गच्च भरलेली होती. एकाही चिठ्ठीखाली नाव नव्हतं आणि एकही चिठ्ठी पुनर्रचनेबद्दल नव्हती. सगळ्या एकमेकांविरुद्ध होत्या. साहेबांनी त्या वाचल्या की नाही ते कळलं नाही, पण प्रत्येक चिठ्ठी त्यांनी ज्याच्याविरुद्ध होती त्याच्याच विभागाकडे पाठवली. वर शेरा मारला, 'माहिती व योग्य कार्यवाहीसाठी'.

दत्तोपंतांच्या टेबलावर पाच चिठ्ठ्या आल्या. साठा विभागाचा अमुक इसम कार्यालयीन वेळेत आईचं औषध आणायला जातो, अशा अर्थाच्या. पाचही हस्ताक्षरं त्यांनी पाहताक्षणी ओळखली. इतकी वर्षं तीच तर वाचत आले होते. त्यातलं एक मनोहररावांचं होतं. दिवाळीला माईच्या पाया पडायला येऊन तिच्या हातचे अनारसे खाऊन गेलेले मनोहरराव. दुपारी त्या पाचांबरोबरच चहा झाला. कोणीतरी पेटीचा विषय काढला, तेव्हा मनोहररावांनी कपातला चहा बशीत ओतत म्हटलं, "किती नीच असतात हो माणसं!" बशीच्या काठावर मनोहररावांच्या ओठांचा पानाचा लाल डाग राहिला होता, आणि दत्तोपंतांचं लक्ष पुन्हा पुन्हा तिकडेच जात होतं.

त्या पाचांत चंपतराव नव्हते. ते समोरच्या वाहतूक विभागात होते. काटोलच्या पलीकडच्या एका गावचे. शेत आणि बायको रुखमाबाई गावी. आठवडाभर नागपुरात एका खोलीत काढायचा, शनिवारी दुपारी काटोलची बस पकडायची, असा त्यांचा क्रम. संत्र्यांच्या दिवसांत सोमवारी येताना पिशवीभर संत्री आणत आणि संध्याकाळी ती स्वतः नेऊन माईला देत. माई संत्रं नाकाशी धरून सांगे, "हे तुमच्या विहिरीकडच्या झाडाचं."

"बराबर हाये, माई!" चंपतराव म्हणत. ते तसं नसलं तरी म्हणत.

मार्च उजाडला आणि ओमप्रकाश सुतळी घेऊन आला.

ओमप्रकाश वाळ्याच्या ताट्यांचा ठेकेदार. नागपूरचा उन्हाळा कार्यालयाच्या त्या जुन्या कौलारू इमारतीत शिरू नये म्हणून दर वर्षी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत आणि त्यांच्यावर दिवसभर पाणी मारलं जाई. दर वर्षी तो यायचा, ताट्या टांगायचा, निघून जायचा. त्याच्याकडे कोणी पाहतही नसे. पण या वर्षी त्याने सुतळी काढली आणि खिडक्यांची मापं घ्यायला सुरुवात केली. साहेबांच्या खोलीची खिडकी मापली. आस्थापनेची मापली. लेखा विभागाची मापली. मग सुतळी गुंडाळली, विडी पेटवली आणि तो मागच्या आवारात निघून गेला. साठा आणि वाहतूक या दोन विभागांच्या खिडक्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

चहाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या कार्यालयाला पुनर्रचना समजली होती.

"सरळ आहे," मनोहरराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आता तरून गेलेल्या माणसाची मवाळ करुणा पसरली होती. "उन्हाळ्यात ज्यांना इथे बसायचं आहे त्यांनाच ताटी. रिकाम्या खोलीला सरकार कशाला गारवा करील? साहेब तोंडाने बोलत नाहीत, कृतीने बोलतात."

यावर कोणाचं दुमत झालं नाही. ओमप्रकाशलाच विचारावं, असं मात्र कोणाला सुचलं नाही. कार्यालयाची गोपनीय बाब बाहेरच्या माणसाला विचारायची तरी कशी?

त्या दिवशी दत्तोपंतांची डावी पापणी उडायला लागली. थांबेचना. रात्री जेवताना माईने हात पुढे करून त्यांचा चेहरा चाचपला.

"दत्तू, पापणी उडतेय तुझी."

"जागरण झालं असेल."

"तुझं जागरण मला ऐकू येतं रे. काल कूस बदलत होतास नुसता." तिने बोट पापणीवर तसंच ठेवलं. "बदली आहे का?"

"कोण म्हणालं?"

"सुभद्रा म्हणाली. तुमच्या हापिसातल्या कोणाची तरी बायको तिला मंदिरात भेटली." माईने हात काढून घेतला आणि ताटाकडे वळवला. "मला काय, कुठेही खाट टाक. फक्त भिंतीला लागून टाक."

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत मागच्या आवारात गेले. ओमप्रकाश हौदात वाळा भिजवत बसला होता. सभोवती ओल्या मातीचा आणि कुजक्या गवताचा वास होता.

"ओमप्रकाश, आमची खिडकी राहिली."

"कहाँ रही, पंतजी? आपकी ताटी लगा देंगे ना टाइम पे."

"माप घेतलं नाहीस."

"आपकी को नापना कायको? आपकी तो..."

"घे म्हटलं ना!" दत्तोपंतांनी त्याचं वाक्य तिथेच तोडलं. त्यांना कारणं ऐकायची नव्हती. हा आता 'हुकूम नाही' म्हणणार, आणि एकदा तसं कानावर पडलं की ते खरं होणार, असं त्यांना वाटलं. "सगळ्यांसमोर घे. उद्या. नीट वर चढून."

ओमप्रकाशने त्यांच्याकडे वर पाहिलं. उडणारी पापणी त्याला दिसली असावी. सरकारी माणूस आपल्याकडे काहीतरी मागतो आहे, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. काय मागतो आहे ते कळलं नाही, पण व्यवहाराला तेवढं पुरेसं होतं.

"गाय ब्याई है घर में, पंतजी," तो हौदाकडे बघत म्हणाला. "वो सॅम्पल की ढेप पडी रहती आपके कमरे में..."

सरकीच्या ढेपेचं एक पोतं साठा विभागात नमुना म्हणून कोपऱ्यात उभं असे. उभ्या नोकरीत दत्तोपंतांनी त्यातली मूठभर ढेप कोणाला नेऊ दिली नव्हती. एका आमदाराच्या भाच्याला त्यांनी त्यापायी परत पाठवलं होतं. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी ते पोतं स्वतः ओढत मागच्या दारापर्यंत नेलं. पोत्याला भोक होतं. खोलीपासून दारापर्यंत ढेपेची एक पिवळी रेघ सांडली. ती त्यांनी वाकून, फाइलच्या पुठ्ठ्याने गोळा केली.

ओमप्रकाश शब्दाला जागला, जरा जास्तच. दुसऱ्या दिवशी भर अकरा वाजता तो साठा विभागाच्या खिडकीवर चढला, सुतळी ताणली आणि मंडीत लिलाव पुकारावा तशी मापं ओरडू लागला. एकदा उभं माप, एकदा आडवं, मग मनाचं समाधान होईना म्हणून कर्णरेषेत. टंकयंत्र थांबलं. रुपराव दारात येऊन उभे राहिले. मनोहररावांच्या चेहऱ्यावरची करुणा कावरीबावरी झाली. समोरच्या वाहतूक विभागातून चंपतराव पाहत होते. त्यांच्या एका हातात डबा होता.

दुपारी ते डबा घेऊन दत्तोपंतांच्या टेबलाशी आले.

"अभिनंदन गा, दत्तोपंत! तुमी सुटले." त्यांच्या आवाजात खोट नव्हती. खोट असती तर दत्तोपंतांना बरं वाटलं असतं. "मले रातभर माईचीच चिंता लागून होती. म्या म्हटलं, थे बुढी मानूस नव्या घरात काय करन? कुठी धडकन, कुठी पडन. चला, माई ठिकानावर राहिली."

"अजून नक्की काही नाही, चंपतराव."

"नक्की कसं नाई? डोळ्यानं पायलं ना म्या." ते खुर्ची ओढून बसले. संत्रं सोलून अर्धं त्यांनी दत्तोपंतांपुढे ठेवलं. "आता आमची एकलीच खिडकी बोडकी राहिली. म्हंजे माहा नंबर पक्का."

माप खोटं आहे, हे दोन शब्दांचं काम होतं. ते शब्द दत्तोपंतांच्या तोंडाशी आलेही. पण हे चंपतरावांना सांगितलं असतं, तर चंपतरावांनी ते आनंदाने सगळ्यांना सांगितलं असतं, आणि मग दोन बोडक्या खिडक्या पुन्हा समोरासमोर आल्या असत्या.

"काहून गा, खाऊन नाई राहिले? गोड हाये."

दत्तोपंतांनी फोड तोंडात टाकली.

"मनोहरराव म्हणून राहिले होते," चंपतराव आवाज खाली करून म्हणाले, "का जो आपल्या खुशीनं अर्ज देते, त्याले दोन वर्षांत वापस आणतेत. ज्याले जबरदस्तीनं धाडलं, त्याले भुलून जातेत. म्या म्हणतो, मानगूट धरून नेण्यापरीस आपल्या पायानं गेलेलं काय वाईट? रुखमा लय रडून राहिली. म्हणते, तिकडं वाघ हायेत. म्या म्हटलं, पगली, इकडं तरी कोण हाये? तुमाले काय वाटते? द्यू का अर्ज?"

मनोहररावांना हा नियम कुठून मिळाला हे विचारायला हवं होतं. चंपतराव दत्तोपंतांच्या तोंडाकडे पाहत होते. नागपुरात ते एकाच माणसाचा सल्ला घेत.

"विचार करून बघा," दत्तोपंत म्हणाले. तोंडातली फोड त्यांनी अजून गिळली नव्हती.

त्यांच्या लेखी ते उत्तर नव्हतं. चंपतरावांनी ते उत्तर समजून घेतलं आणि चहाच्या आधी अर्ज दिला.

मुजुमदार साहेबांना विलक्षण आनंद झाला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ते खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी कर्मचाऱ्यांची सभा घेतली. संवादाने काय साधतं याचं हे जिवंत उदाहरण, असं म्हणून त्यांनी चंपतरावांना माठाशेजारी, फलकाखाली उभं केलं आणि हार घातला. बदलाला भिऊ नका, बदलाला सामोरे जा, असं ते बरंच काही बोलले. रुपरावांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. मनोहररावांनी आभार मानले. बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले, आणि मग शेजारच्याला विचारलं, की वाहतूक विभागातली ती पाठीला वेत असलेली खुर्ची आता कोणाकडे जाणार. चंपतराव हारातून भोवती बघत होते. दत्तोपंत दिसले तेव्हा ते हसले. माठाच्या गळतीने खाली झालेल्या चिखलात त्यांची एक चप्पल रुतली होती.

एप्रिलच्या सुरुवातीला चंपतराव सिरोंच्याला रुजू झाले. एप्रिलच्या मध्यात ओमप्रकाशने ताट्या लावल्या. पाच खिडक्या, पाच ताट्या. वाहतूक विभागाच्या खिडकीलाही, न मापता.

कार्यालय ती ताटी पाहायला व्हरांड्यात जमलं. मग मनोहरराव म्हणाले, "चंपतराव गेले म्हणून विभाग वाचला. त्याग वाया जात नसतो." ते सगळ्यांना पटलं. साहेबांच्या कुत्र्याची बिस्किटं त्याच सुमारास बंद झाली.

"चंपत येत नाही रे हल्ली," माई एकदा म्हणाली.

"बदली झाली त्याची."

"अग बाई! त्याचीच झाली का?" तिने हात पुढे करून बोट त्यांच्या पापणीवर ठेवलं. "मग तुझी पापणी अजून कशाला उडतेय?"

दत्तोपंतांनी तिचा हात बाजूला केला. आयुष्यात पहिल्यांदा.

जूनमध्ये मुजुमदार साहेबांना बढती मिळाली आणि ते मुंबईला निघाले. निरोपाच्या चहाला, सगळे सामोसे खात असताना, दत्तोपंतांनी विचारलं. एवढ्या महिन्यांत हा प्रश्न साहेबांना विचारणारे ते पहिले.

"साहेब, पुनर्रचनेचं पुढे काय झालं?"

"कोणती पुनर्रचना?" साहेबांनी आठवून पाहिलं. "हां, ती. ती तर जानेवारीतच रद्द झाली. मुंबईचं पत्र आलं होतं मला."

सामोसे जागच्या जागी थांबले.

"मग... आम्हाला कळलं नाही ते."

"कळवण्यासारखं काय होतं त्यात?" साहेबांना खरंच आश्चर्य वाटलं. "बदल असता तर संवाद साधला असता. बदलच नाही, तर संवाद कशाचा साधायचा?"

"आणि चंपतराव?"

"त्यांची केस वेगळी. सिरोंच्याला एक जागा कैक वर्षं रिकामी होती, कोणी जायला तयार होईना. यांनी स्वतःहून मागितली." साहेबांनी बोटांवरचं तेल रुमालाला पुसलं. "फार चांगला माणूस. असे लोक पाहिजेत."

इंदूबाई हळूच म्हणाल्या, "मी सांगत होते, टायपिंगला काही आलं नाही म्हणून." त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. मनोहररावांनी दुसरा सामोसा घेतला.

दत्तोपंत उठून मागच्या आवारात गेले. ओमप्रकाश ताट्या उतरवत होता. उन्हाळाभर पाणी पिऊन वाळा काळा पडला होता, त्याला बुरशीचा वास मारत होता आणि आत कुठेतरी उंदराचं घरटं होतं.

"ओमप्रकाश, मार्चमध्ये त्या तीन खिडक्या तू कशासाठी मापल्या होत्यास?"

"वो तीन?" ओमप्रकाशने ताटी खाली आपटली, वाळ्यातून झुरळं पळाली. "पिछले साल उनकी ताटी चार-चार उंगल छोटी पडी थी."